ब्रेकवर बसणारी तुळसा

जवाहरनगरच्या फाट्यावरून भंडाऱ्याकडं निघालं की हायवेच्या अंगाला टिनाचं एक छप्पर लागायचं. गोंदिया वेगळा होऊन जिल्हा निम्मा झाला, त्याच्या आगंमागं भैय्यालालनं तिथं गाड्या दुरुस्त करायला सुरुवात केली. छपराच्या मागं दोन खोल्या, खोल्यांच्या मागं बोअरिंगचा हातपंप, आणि त्या हातपंपावर दिवसातून दहादा हात धुणारी त्याची बायको तुळसा.

तुळसाला घिन फार येते, ही गोष्ट अख्ख्या फाट्याला ठाऊक होती. लग्नाच्या पंगतीत कोणी शिंकरलं तर ती तशीच उठायची. एसटीत खिडकीजवळ बसायची नाही, कारण पुढच्या खिडकीतून कोण कधी थुंकेल याचा भरवसा नाही. "महाराणी आहे आमची," भैय्यालाल गिऱ्हाइकांना हसून सांगायचा. त्यात राग नसायचा. उलट बायको स्वच्छ आहे याची थोडी मिजासच असायची.

पण ग्रीस, काळं तेल, डिझेलचा वास, याची तिला कधी घिन आली नाही. ते कामाचं काळं होतं. साबणाच्या चुऱ्यानं घासलं की निघायचं. गॅरेजात नोकर ठेवण्याइतका धंदा नव्हता, म्हणून हातभार लावायला तीच असायची. आणि एक काम तर तिचंच ठरून गेलं होतं.

इंजिनाच्या पुढच्या टोकाला, पार खाली, एक पुली असते. पट्टा तिच्यावरून फिरतो. ती ज्या बोल्टनं बसवलेली असते तो असा आवळलेला असतो की पान्याला लांब पाईप लावून अंगाचा भार टाकावा लागतो. आणि भार टाकला की बोल्ट राहतो बाजूला, इंजिनच फिरायला लागतं. ते फिरू नये म्हणून गाडी टॉप गिअरमध्ये टाकायची आणि कोणीतरी आत बसून ब्रेक दाबून धरायचा. चाकं अडली की इंजिन अडतं. हे कोणीतरी म्हणजे तुळसा. ती सीटला पाठ टेकवायची, दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरायची आणि उजवा पाय असा रोवायची की भैय्यालाल बाहेरून म्हणायचा, "बस, आता भिंत झाली!" मग पाईप करकरायचा, बोल्ट ठणकन सुटायचा, आणि दोघंही एकदम हसायची. त्या हसण्यात त्यांचं बरंच काही होतं.

त्या उन्हाळ्यात धनीराम आपली काळीपिवळी जीप घेऊन आला. तुमसर ते भंडारा सवाऱ्या मारायचा. दहा माणसांच्या जागी सतरा कोंबायचा आणि रस्ताभर तोंडात खर्रा ठेवायचा. सुपारीचा भुगा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटघोट घोटायचा, चिमूट गालात सारायची, आणि मग थुंकत राहायचं. जीपच्या पुलीचं रबर तुटलं होतं. पुली लचकत फिरायची आणि पट्टा कुरतडायची.

भैय्यालालनं रेडिएटर उतरवलं, मागच्या चाकांना दगड लावले आणि हाक मारली, "तुळसा, ये वो!"

तुळसानं दार उघडलं आणि ती जागच्या जागी थांबली.

पायाखालची रबराची चटई दिसतच नव्हती. तिच्यावर तपकिरी थर बसला होता, काठाला वाळून पापुद्रे झालेला, मधे अजून ओला. त्यात चुरगळलेल्या पन्न्या चिकटल्या होत्या. दाराच्या आतल्या बाजूनं ओघळ उतरले होते. ब्रेकच्या पट्टीवरसुद्धा थुंकी उडालेली. उन्हानं तापलेल्या त्या डब्यातून तंबाखूचा आणि कुजल्या तोंडाचा वास असा बाहेर आला की तिनं पदर नाकाला लावला.

"हे आधी धुवून घ्या," ती म्हणाली.

धनीराम खी खी करून हसला. "गाडी आहे वहिनी, देवघर नाही."

"बस ना वो," भैय्यालाल खालून म्हणाला. "पाच मिनिटाचं तं काम आहे. सवाऱ्या खोळंबल्या त्याच्या."

तिनं बारदानाचा तुकडा आणून चटईवर टाकला. ब्रेकची पट्टी चिंधीनं पुसली आणि चिंधी दोन बोटांत धरून लांब फेकली. पट्टीचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. चपलेनं पाय सटकत होता, आणि पाय सटकला तर बाहेर पाईपवर लटकलेला माणूस तोंडावर पडणार. म्हणून तिनं चप्पल काढली. अनवाणी पायाला ते चिकट लागलं. तरी तिनं पाय रोवला. बोल्ट सुटला. यावेळी ती हसली नाही. उतरली, हातपंपावर गेली आणि तळवा विटकरीनं घासला.

कोणी म्हणेल, इतकं काय त्यात? पण तुळसाची घिन अशीच उगवलेली नव्हती. तिचं माहेर आंबागडचं. थोरला भाऊ अंकुश जंगलकामावर जायचा आणि दिवसाला सात-आठ खर्रे खायचा. हळूहळू त्याचं तोंड उघडेनासं झालं. आधी भाकर जाईना, मग भातही जाईना. शेवटी दातांच्या फटीतून पेज सोडावी लागायची, आणि ती सोडायची तुळसा. त्याच्या खाटेखालचा थुंकीचा डबाही तीच उपसायची. कॅन्सरनं गालाला भोक पडून तो गेला तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची होती. तो वास तिच्या नाकातून गेलाच नाही. भैय्यालाल तिला बघायला आला तेव्हा बुद्धविहाराच्या पायरीवर तिनं एकच विचारलं होतं, "खर्रा खाता का जी?" आणि तो म्हणाला होता, "मले त्याचा वासच सहन होत नाही." त्या एका वाक्यावर तिनं होकार दिला होता.

नवी पुली बसली. आता बोल्ट आवळायचा होता, म्हणजे पुन्हा इंजिन अडवणं आलं. तुळसा पुन्हा जीपमध्ये चढली, पाय पुन्हा त्या चिकट पट्टीवर ठेवला आणि हाकेची वाट बघू लागली.

बोनेट उघडं असल्यामुळं समोरचं काही दिसत नव्हतं. फक्त बोनेटच्या खालून एक फट होती. त्या फटीतून तिला दोन माणसांचे हात तेवढे दिसत होते. धनीरामच्या हातात पन्नी होती, ती तो अंगठ्यानं घोटत होता. मग पन्नी पुढं झाली. भैय्यालालचा काळा हात आला. त्यानं पन्नीला टिचकी मारली, खालचा चुरा एका कोपऱ्यात जमवला, बोटं न बघता आत घातली, नेमकी चिमूट उचलली, आणि हात वर गेला.

पहिल्यांदा खाणाऱ्याचा हात असा जात नाही. हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

मग बाकीचंही एकेक जागेवर बसत गेलं. हल्ली तो घरात येण्याआधी चुळा भरायचा. बडीशेप चघळायचा. बोलताना तोंड फिरवायचा. तिला वाटायचं, कामाचा थकवा असेल.

"हां, दाब आता!" बाहेरून हाक आली. आवाज जड होता, गालात काहीतरी धरल्यासारखा.

तुळसानं पाय उचलला. ती खाली उतरली, पुढं आली आणि भैय्यालालसमोर उभी राहिली.

"तोंड उघडा."

"काहून?"

"उघडा म्हणते ना."

भैय्यालालनं मान वळवली आणि पचकन थुंकला. थुंकी त्यांच्याच अंगणात पडली, तिनं सकाळी सारवलेल्या जागेच्या काठावर. "अवो, एखाद्यावेळी. धनीभाऊनं दिला तं नाही कसं म्हणू?" तो म्हणाला, आणि त्याच्या खालच्या ओठाला भुगा चिकटलेला होता.

तुळसाला वाटलं होतं, आपण ओरडू, रडू. तसलं काही झालं नाही. तिला फक्त घिन आली. जीपच्या चटईकडं बघून आली होती तशीच, कणभरही कमी नाही. आपल्याच नवऱ्याची अशी घिन यावी याचं तिला भय वाटलं.

"मी नाही बसत," ती म्हणाली. "त्याले बसवा. त्याचीच थुक आहे, त्यालेच तुडवू द्या." आणि ती हातपंपाकडं निघून गेली.

"बायकांचं काय मनावर घेतं गा," म्हणत धनीराम आत चढला. ब्रेक दाबायचा म्हणजे काय मोठं, असं त्याला वाटलं. भैय्यालालनं पाईपवर भार टाकला. बोल्ट निम्मा आवळत आला आणि नेमकी तेव्हाच धनीरामला थुंकी आली. तो दाराबाहेर वाकला, पाय सैल पडला. इंजिन फिरलं, जीप दगडांवर चढल्यासारखी हलली, पाना निसटला आणि भैय्यालालची बोटं पंख्याच्या पात्यावर जाऊन आदळली. दोन सांध्यांची सालं निघाली.

तुळसा पाण्याचा तांब्या घेऊन आली. हातावर पाणी ओतलं, हळद दाबली, फडकं बांधलं. पण तोंडाकडं बघितलं नाही. त्याची कीव यायला पाहिजे होती, ती आली नाही. वाकून कण्हणाऱ्या त्या तोंडातून तोच वास येत होता.

शेवटी भैय्यालालनं एका हातानं स्टार्टर उतरवला, त्या भोकातून इंजिनाच्या दातेरी चाकात लोखंडी पट्टी अडकवली आणि कसाबसा बोल्ट आवळला. जीप गेली. जाताना धनीरामनं रस्त्यावर पिचकारी मारली.

त्या दिवसापासून तुळसा कुठल्याच गाडीच्या ब्रेकवर बसली नाही. भैय्यालालनं पुलीच्या भोकांत अडकवायची एक लांब पट्टी वेल्डिंग करून घेतली, तिचं टोक जमिनीला टेकवून तो एकटाच काम करायचा. काम व्हायचं. त्याचं ताट ती ओसरीत वाढायची आणि स्वतः आत जेवायची. त्यानं खर्रा सोडला, पुन्हा धरला, पुन्हा सोडला म्हणाला. ती विचारायची नाही. तिचं नाक सांगायचं.

पुढच्या वर्षी दाढ दुखते म्हणून तो भंडाऱ्याला दातांच्या डॉक्टरकडं गेला. डॉक्टरनं त्याची तीन बोटं उभी धरून त्याच्याच तोंडात घालायला लावली. दोनच गेली. तोंड अंकुशसारखंच मिटत चाललं होतं. घरी येऊन तो खाटेवर बसला आणि त्यानं तिला तेवढंच सांगितलं. मग खिशातल्या दोन पन्न्या काढून चुलीत टाकल्या. त्या जळल्या तेव्हा घरभर घाण धूर झाला.

यावेळी मात्र खर्रा सुटला. आताही त्याला मोठा घास घेता येत नाही, मिरची झोंबते, पण चालतं आहे. ताट ओसरीतून आत आलं. तुळसा त्याच्याशी बोलते, त्याचे कपडे धुते, आजारात उशाशी बसते, बाजारात बरोबर जाते.

फक्त त्याचा उष्टा पेला समोर आला की तिचा हात थांबतो. ती तो पेला उचलते, हातपंपावर नेते, राखेनं दोनदा घासते, आणि मगच त्यातून पाणी पिते. भैय्यालाल खाटेवरून ते बघतो.