सतरा नंबरचा खांब

हे मी कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळही नाही — शेवटच्या आठवड्यात तिच्या उशाशी बसून होतो, तेव्हासुद्धा नाही. आयुष्यभर बातम्या लिहिल्या. कोण, कुठे, केव्हा, का — हे दुसऱ्यांना विचारून पोट भरलं. हे एक प्रकरण मात्र लिहायला घेतलं की दर वेळी त्या दिवशीच्या हवामानापासून सुरुवात करायचो आणि हवामानावरच थांबायचो.

म्हणून ते आधीच सांगून टाकतो. ऊन होतं. लंडनला वर्षातून पाच-सहा दिवस पडतं तसं लख्ख ऊन. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी त्या उन्हाचाही वापर केला आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. राजघराण्यात लग्न होतं. मी सव्वीस वर्षांचा, जाहिरातींवर चालणाऱ्या एका टीव्ही वाहिनीत सहायक. आमच्या समोर दुसरी वाहिनी, वयाने आणि मानाने मोठी. आम्ही त्यांना ‘पलीकडचे’ म्हणायचो, तेही आम्हाला तेच म्हणायचे. मिरवणुकीच्या रस्त्यावर दोघांच्या कॅमेऱ्यांच्या परांच्या शेजारी शेजारी. त्यांची परांची आमच्यापेक्षा वीतभर उंच झाली म्हणून दोन्हीकडचे सुतार एकमेकांच्या अंगावर धावून गेल्याचं मी पाहिलं आहे. त्यांचा निवेदक गाभाऱ्यात उभा असल्यासारखा कुजबुजायचा, आमचा नवरीचा मामा असल्यासारखा बोलायचा. चर्चच्या आतली दृश्यं दोघांना सारखीच मिळणार होती. त्यामुळे लढाई सगळी रस्त्यावर — कुणाला जास्त गोड मूल सापडतं, कुणाला मेडलं लावलेला म्हातारा सैनिक आधी मिळतो.

एकाच गोष्टीवर भांडण नव्हतं. लग्नाच्या सकाळी दोन्हीकडचा एकेक माणूस रस्त्याने चालत जायचा आणि गर्दीत काय दाखवायचं नाही ते टिपून आणायचा. दारू प्यायलेली टोळी, उघड्या अंगाचे पुरुष, निषेधाचे फलक. ठिकाण ओळखायला रस्त्याच्या दिव्यांच्या खांबांना नंबर दिलेले असायचे. मग दोघे चहा पिता पिता आपापली यादी दुसऱ्याला द्यायचे. वीतभर फळीसाठी मारामारी करणारे लोक हे काम पाच मिनिटांत, हसतखेळत उरकायचे. त्या दिवशी कुणाचा विरस करायचा नाही, एवढंच दोघांचं धोरण. कुणाचा विरस? हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही. आमच्या वाहिनीचा तो यादीवाला माणूस मीच होतो.

आता शालिनीताई.

शालिनीताई विमानतळाजवळ हाउन्सलोला एका खोलीत राहायच्या आणि विमानात द्यायच्या जेवणाचे ट्रे भरायच्या. वय बत्तीस-तेहतीस. लग्न होऊन इचलकरंजीहून आल्या आणि अकराव्या महिन्यात नवरा कामावर कोसळून गेला. इथे राहायची परवानगी त्याच्या नावावर होती. तेव्हाच्या नियमात लग्नाचं पहिलं वर्ष पुरं होणं महत्त्वाचं होतं. ते का पुरं झालं नाही, याला नियमात जागा नव्हती. परत जा, असं पत्र आलं. परत म्हणजे दिरांच्या घरात, जिथून ‘पांढऱ्या पायाची’ असं आधीच लिहून आलं होतं.

आमची ओळख गणपतीतली. आम्ही पिनरला राहायचो, बाबा डॉक्टर. शालिनीताई दोन बस आणि दोन ट्रेन बदलून यायच्या आणि शंभर माणसांच्या मोदकांना एकट्या बसायच्या. मी त्यांना ताई म्हणायचो. त्यांना मी मिलिंद नव्हतो, ‘आमचा टीव्हीवाला’ होतो.

त्यांचा वकील म्हणाला होता, लोकांना तुमचा चेहरा कळला तर काहीतरी होईल; अशा दोन-तीन बायका तशाच राहू शकल्या आहेत. म्हणून लग्नाच्या आठवडाभर आधी शालिनीताई आमच्या स्वयंपाकघरात बसून मला म्हणाल्या, “अरे, तुझे ते कॅमेरे कुठं कुठं असणार? मी आरडाओरडा करणार नाही बाबा. बोर्ड घेऊन गप उभी राहीन. त्या मुलीचं लग्न आहे, माझंही झालेलं. तिला मी वाईट कशाला चिंतू?”

मी सांगितलं. सतरा नंबरचा खांब, आमचा चौथा कॅमेरा, तिथे घोडागाडी वळताना हळू होते. हेही सांगितलं की कॅमेऱ्यावर एक लाल दिवा असतो; तो लागला की समजायचं, आपण आत्ता घराघरात दिसतो आहोत. बोर्डावरची दोन इंग्रजी वाक्यं मीच दुरुस्त करून दिली. ‘मी विधवा आहे. मला घालवू नका.’

आणि मग विचारलं, “ताई, साडी कुठली नेसणार?”

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की गर्दीत त्यांना शोधता यावं म्हणून विचारलं. हे खोटं आहे. विचारलं तेव्हाच मला भीती वाटायला लागली होती. कॅमेऱ्याची जागा बाहेर कुणी सांगितली, असं उद्या निघालं तर? आमच्या ऑफिसात गोरा नसलेला मी एकटाच होतो. पुढच्या महिन्यात मला कायम करायचं की नाही, ते ठरणार होतं. त्या म्हणाल्या, “मोरपंखी. एकच चांगली आहे.” मी मान हलवली आणि त्यांना आणखी चहा दिला.

लग्नाच्या सकाळी मी रस्त्याने चालत गेलो. शालिनीताई पहाटेपासून येऊन पहिल्या रांगेत उभ्या होत्या. शेजारच्या इंग्रज म्हातारीने त्यांना सँडविच दिलं होतं. मला पाहून ओळख न दाखवता त्या किंचित हसल्या — मला त्रास नको म्हणून. मी पुढे गेलो. आणि यादीत लिहिलं: खांब सतरा, मोरपंखी साडी, फलक, टाळा.

कुणी सांगितलं होतं मला? कुणीही नाही. डायरेक्टरने विचारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. राग काढायला दुसरा माणूस मी फार शोधला. तो नियम करणारे लोक आहेत, यादीची पद्धत पाडणारे लोक आहेत, विरस होऊ नये म्हणून माणसं झाकणाऱ्या दोन मोठ्या संस्था आहेत. त्या सगळ्यांचा मला आजही संताप येतो आणि तो खराच आहे. पण त्यातल्या कुणालाही मोरपंखी हा रंग माहीत नव्हता.

पलीकडच्यांना मी चहाच्या गाडीपाशी यादी दिली. तो माणूस म्हणाला, “सतरावर साडी? मला दिसलीच नाही. थँक्स, मेट.” त्याने ते आपल्या कागदावर उतरवून घेतलं.

दुपारी आमच्या ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे थेट प्रक्षेपणाच्या गाडीत, मी पडद्यांच्या भिंतीसमोर बसलो होतो. त्यात एका पडद्यावर पलीकडचं प्रक्षेपण चालू असे, त्यांच्यावर नजर ठेवायला. घोडागाडी वळणावर आली. चौथा कॅमेरा गर्दीवरून सरकू लागला; त्याचं चित्र अजून प्रक्षेपणात घेतलेलं नव्हतं. पंधरा नंबरचा खांब. सोळा. मी म्हणालो, “पुढे सतरा.” बस, दोन शब्द. डायरेक्टरने बोट हलवलं आणि आमच्या पडद्यावर घोडा आला. मी पलीकडच्यांच्या पडद्याकडे पाहिलं. तिथेही घोडा. एकाच क्षणाला दोन घोडे. व्हॅनमध्ये हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, “साले आपली नक्कल करतात.” मीही हसलो.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण खरा गुन्हा दुसऱ्या दिवसाचा आहे.

सकाळी शालिनीताईंचा फोन आला. “अरे, दिसले का मी? तो दिवा काही लागलेला दिसला नाही बघ. मी सारखी तिकडंच बघत होते. गाडी समोरनं गेली ती पण बघितली नाही.”

मी म्हणालो, “ऊन किती होतं, ताई. उन्हात तो दिवा दिसत नाही. दिसलात तुम्ही. चांगल्या दिसलात.”

त्या म्हणाल्या, “मग झालं तर.”

हे खोटं टिकलं कसं? आमच्या लोकांत अशा दिवशी कुणी माझी वाहिनी लावत नसे. लग्नं, तोफा, राजघराण्यातल्या अंत्ययात्रा — हे पलीकडच्यांवरच पाहायचं, ही घराघरातली रीत. माझ्या आईबाबांनीसुद्धा पलीकडचंच पाहिलं. शालिनीताईंना कुणी पाहिलं नव्हतं आणि प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या वाहिनीवर दिसल्या असतील. आई तर मला म्हणाली, “तू केलंस हो तिच्यासाठी.” मी जेवत होतो. जेवत राहिलो.

त्या आठवड्यात एका स्थानिक वर्तमानपत्राला त्यांचा फोटो हवा होता. शालिनीताईंनी सांगितलं, आता साऱ्या देशाने पाहिलंय, जरा वाट बघू. रोज उठून पेपरात तोंड दाखवणं बरं दिसत नाही. वकिलाने त्यांना समजावलं. मी समजावू शकलो असतो, एका वाक्यात. त्यांनी तीन आठवडे टपालाची वाट पाहिली. नंतर पेपरवाल्यांनाच रस उरला नाही. मग तारीख आली.

आईबाबा विमानतळावर पोचवायला गेले. मी ड्यूटी लावून घेतली. आई परत आल्यावर म्हणाली, “सगळ्यांना सांगत होती बिचारी, मला टीव्हीवर दाखवलं, आमच्या मिलिंदनं दाखवलं.” त्याच महिन्यात मी कायम झालो होतो. घरात त्या दिवशी अजून पेढे होते.

इचलकरंजीहून दोन दिवाळ्यांना त्यांचं कार्ड आलं. दोन्ही आईच्या नावावर, दोन्हींत मला आशीर्वाद. मग काही आलं नाही. मी चौकशी केली नाही.

त्यानंतरही मी याद्या केल्या. नव्वदच्या दशकात तर दुसऱ्यांना करायला शिकवल्या. आधी रंग लिहायचा, मग खांब, म्हणजे कॅमेरामनला पटकन सापडतं — हे माझ्याकडून शिकलेले लोक पुढे मोठ्या पदांवर गेले.

त्याच दशकात जुन्या टेपा कमी करायचं काम माझ्याकडे आलं. प्रक्षेपणात न गेलेलं चित्रण पुसायचं. चौथ्या कॅमेऱ्याची टेप मी लावून पाहिली. घोड्यावर गेलं ते आमचं प्रक्षेपण. हा कॅमेरा मात्र सरकत सतरावर गेला होता. अकरा सेकंद. शेजारची म्हातारी झेंडा हलवते आहे, सगळ्यांच्या माना घोडागाडीकडे आहेत. मोरपंखी साडीतली बाई बोर्ड छातीशी सरळ धरून उभी आहे आणि भिंगाच्या थोडं वर, दिव्याच्या जागी बघते आहे. ऊन आहे, पण कॅमेऱ्याची सावली नेमकी तिच्या तोंडावर पडली आहे. दिवा लागला असता तर तिला नक्की दिसला असता.

मी टेप मागे नेऊन दोनदा पाहिली. मग पुसायच्या कागदावर सही केली, तारीख घातली, आणि पुढची टेप लावली.