पंपहाऊसला दुरून जायचा रस्ता

पीरमहंमदभाई शिकलगारांना लोक फोनवर मशीनचे आवाज काढून दाखवतात. माधवनगरच्या, सुताला खळ देणाऱ्या सायझिंगवाल्याचा फोन आला की आधी "भाई," आणि श्वास न घेता लगेच "खर्रर्र-टक, खर्रर्र-टक." भाई डोळे मिटून ऐकतात आणि विचारतात, टक मोठा हाय का बारका? पलीकडचा पन्नाशीचा मालक पुन्हा टक करतो, या खेपेला जरा मन लावून. मग भाई सांगतात की काँटॅक्टर, म्हणजे मोटर चालूबंद करणारा स्विच, चिकटतोय, येतो उद्या. तीस वर्षं विजेची पॅनेलं बांधली आणि दुरुस्त केली, त्यातले निम्मे रोग त्यांनी असे कानानंच ओळखले.

या कलेत सगळ्यांच्या वर होता नाथाजी. कोयनानगरच्या खाली, नदीकाठच्या एका गावात सहकारी पाणीपुरवठा संस्थेचं पंपहाऊस आहे, तिथला हा ऑपरेटर. पंपात हवा शिरली की कसा आवाज येतो हे सांगायला तो तोंडात पाण्याचा घोट आणि मूठभर फुटाणे एकदमच घ्यायचा आणि फोनवर गुळण्या करायचा. भाई सांगलीच्या रस्त्याला गाडी बाजूला घेऊन हसत उभे राहायचे. येणाराजाणारा बघायचा, म्हातारा माणूस एकटाच काय हसतोय.

हसायला दुसरी जागा नव्हती. खातूनबी जाऊन तीन वर्षं झाली. लेक अर्फा शारजाला. शुक्रवारी तिचा व्हिडिओ कॉल, आणि त्यात ठरलेले तीन प्रश्न: खाना खाया? गोली ली? कमर कैसी है? तिन्हीला हो, हो, ठीक है म्हटलं की नातू स्क्रीनसमोर नाचून जायचा आणि घर पुन्हा गप्प. माधवनगरात एके काळी भिंतीसुद्धा खटखटायच्या, मागांच्या आवाजात बायका गल्लीतून ओरडून बोलायच्या. आता त्या गल्लीत कोणी हळू बोललं तरी तिसऱ्या घराला कळतं. पण बोलतंय कोण?

म्हणून दर पंधरवड्याला पंपहाऊस. सव्वाशे किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, गाडी बावीस वर्षांची. नाथाजीची बायको मुंबईला पोराकडे, हा पंपाजवळच्या खोलीत एकटा. भाई यायच्या दिवशी तो मासाच करायचा, मटणाचा विषयच काढायचा नाही; मासा असला की कापला कुणी, कसा, ही भानगड राहत नाही. हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही आणि भाईंनी कधी विचारलं नाही. जेवून दोघं जॅकवेलच्या कठड्याला टेकून बसायचे. जॅकवेल म्हणजे नदीचं पाणी आत घेणारी खोल विहीर, तिच्या तळाशी पंपाची जाळी. दोन तासांच्या बोलण्यात मशीनचं वाक्य एखादंच असायचं.

गेल्या माघात भाईंची कंबर धरली. मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, चाचा, गाडी बंद. नेमका तेव्हाच पंप अडला आणि दोन दिवस वरच्या अंगाचा ऊस वाळला. संस्थेचे चेअरमन लालासाहेब, निवृत्त सुभेदार, त्यांनी सभा घेतली. सुभेदारांचं मराठी अजून बॅरेकमध्येच राहतं. ते म्हणाले की आदमी बीमार पडणार, हे तो होगाच. सवाल असा की पोस्ट खाली कशी राहिली? ठरलं की भाईंनी घरबसल्या पंप बघायचा, सेटिंग बदलायचं, लागलं तर चालूही करायचा. कसा, ते शिकलगारांनी निवडून सांगावं.

म्हणजे पंधरवड्याला नदीवर जायचं एकच कारण शिल्लक होतं, आणि ते भाईंनी आपल्या हातानं, लेखी, सहीनिशी कापायचं होतं.

पंपवाल्या कंपनीचा उदयसिंह पुण्याहून आला. तो प्रत्येक वाक्य "बेसिकली" नं सुरू करायचा आणि "इतकं सिंपल आहे" नं संपवायचा. मधलं कुणाला कळायचं नाही. बेसिकली पंपहाऊसमधल्या कॉम्प्युटरवर एक फुकटचं ॲप टाकायचं, ते कायम चालू, पासवर्ड एकच, सगळ्यांना तोच. इतकं सिंपल आहे. किंवा राउटरमधून पॅनेलला थेट इंटरनेटवर दार काढायचं, जगात कुठूनही उघडा. इतकं सिंपल आहे.

भाईंनी विचारलं, जगात कुठूनही म्हणजे कुणीही? उदयसिंह म्हणाला, बेसिकली, हो. पण तुमच्या पंपात कुणाला इंटरेस्ट असणार?

भाई महिनाभर घरी बसून वाचत राहिले. चष्म्यावर चष्मा लावला, अर्फाकडून इंग्रजी शब्द विचारून घेतले. इंटरनेटवर रात्रंदिवस लोक दारं ढकलत फिरतात हे त्यांना कळलं. पंप कुणाचा हे त्यांना ठाऊकही नसतं. उघडं सापडलं की शिरायचं. शेवटी त्यांनी तिसरा रस्ता निवडला. सिमकार्डाचा एक डबा, जो बाहेरच्याला दारच दाखवत नाही. तो स्वतःच आतून एक बंद बोगदा काढतो. बोगद्यात शिरायला प्रत्येकाचं वेगळं नाव आणि मोबाइलवर दर वेळी नवा नंबर. आणि त्यावर पॅनेलवर एक किल्ली. जागेवरच्या माणसानं किल्ली फिरवली तरच बोगदा उघडेल. फिरवली म्हणजे तो पॅनेलसमोर उभा आहे आणि हो म्हणतोय.

सभेत हे सगळं सांगताना भाईंची जीभ चार वेळा अडखळली. लोक जांभया देत होते. लालासाहेबांनी हात वर केला आणि विचारलं, मतलब गेटवर संत्री, रोजचा नवा पासवर्ड, और संत्री बोलेगा तोच गेट खुलेगा? भाई म्हणाले, व्हय, तेच. सुभेदार म्हणाले, मंजूर. जांभया बंद झाल्या, हात वर गेले.

त्या दिवशी घरी येताना एक गोष्ट भाईंना टोचत राहिली. किल्ली फिरवायला माणूस लागणार, म्हणजे नाथाजीला आधी फोन करावा लागणार. ही किल्ली आपण पंपासाठी निवडली का आपल्यासाठी? त्यांनी प्रश्नच बाजूला ठेवला.

डबा बसला. नदीवर जाणं संपलं. आता भाईंच्या टेबलावर स्क्रीन, स्क्रीनवर पंप, पंपाशेजारी एक हिरवा ठिपका: किल्ली चालू. त्यांना वाटलं, नाथाजी किती तत्पर. कधीही उघडा, ठिपका हिरवाच. फोन मात्र ते दर वेळी आधी करायचे. कालवण काय केलं, जलपर्णीचं केंदाळ किती आलं नदीला, वहिनींचा फोन आला का. पण सगळं स्क्रीनवर दिसतंय म्हटल्यावर नाथाजीला आवाज काढायचं कारण राहिलं नव्हतं. एकदा भाईंनीच म्हटलं, जरा काढून दाखव की, कसा वाजतोय. नाथाजी म्हणाला, "तुमाला दिसतंय की आकड्यात."

वैशाखातली सकाळ होती, दहाचा सुमार. लालासाहेबांचा फोन आला की पंप बंद पडलाय, वरच्या अंगाच्या शेतांची पाण्याची पाळी आहे, अकरापर्यंत पाणी चढलं नाही तर पाळी चुकते. भाईंनी स्क्रीन उघडली. पंप ट्रिप झालेला, पाणी कमी ओढल्याची खूण. ठिपका हिरवा. खाली चालू करायचं बटण तयार.

सवयीनं त्यांनी नाथाजीला फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

लालासाहेब दुसऱ्या फोनवर होतेच. किल्ली फिरली आहे ना? फिरली आहे. मग संत्रीनं हो म्हटलंय, तुमी चालू करा. त्यांचं चुकत नव्हतं. भाईंनीच सभेत सांगितलं होतं, हिरवं म्हणजे माणूस पॅनेलसमोर उभा आहे. फोन करावा असं कुठल्याच कागदात नव्हतं. तो फोन नियम नव्हताच, ती भाईंची भूक होती. पंपाच्या निमित्तानं दोन शब्द.

आणि आता ते दोन शब्द मिळाले नव्हते. हात माउसवर होता. भाईंनी तो उचलून मांडीवर ठेवला आणि सुभेदारांना सांगितलं, त्याचा आवाज ऐकल्याबिगर मी चालू करणार न्हाई. पलीकडून जे आलं ते निम्मं हिंदी आणि निम्मं न लिहिण्याजोगं होतं. वरच्या अंगाचे लोक दारात येऊन बसलेत, शिकलगार, त्यांना काय तुमचा जिव्हाळा सांगू?

भाईंनी डब्याची नोंदवही उघडली, कोण कधी आत आलं ते त्यात दिसतं. किल्ली शेवटची फिरवली होती तेवीस दिवसांपूर्वी. त्यानंतर बंद झालीच नव्हती. तेवीस दिवस ते ज्याला नाथाजी समजत होते तो नुसता ठिपका होता.

अकरा वाजून गेले. पाळी चुकली. अकरा-वीसला नाथाजीचा फोन आला, धापा टाकत. जाळीला केंदाळ गुंतलं होतं, म्हणून तो शिडीनं जॅकवेलच्या तळाला उतरला होता. फोन वर टेबलावर ठेवला होता, मागचा पाण्यात गेला म्हणून. मेन स्विच काढला नव्हता, कारण पंप बंदच पडलाय, त्यात आणखी काय बंद करायचं.

"हात कुठं हुता तुजा?" भाईंनी विचारलं.

"जाळीच्या आत की. खांद्यापतूर."

मग भाईंनी किल्लीचं विचारलं. नाथाजीला त्यात विचारण्यासारखं काय तेच कळेना.

"भाई, तुमी कवा याल ह्याचा काय नेम हाय? आलात आन् दार लावलेलं, तर उंबऱ्यात उभं ऱ्हायाचं तुमी? आमच्यात न्हाई तसलं. मी किल्ली फिरवून वर दोरा बांधला, कुणी हात लावू ने म्हणून."

भाई त्याला रागावणार होते. सगळी वाक्यं तयार होती. पण ज्या दारातून मरण येणार होतं ते दार या माणसानं त्यांच्यासाठी उघडं ठेवलं होतं, त्याला काय रागावायचं? ते एवढंच म्हणाले, जेवून घे.

चार दिवसांनी, डॉक्टरांचं न ऐकता, एसटीनं कराड आणि तिथून वडापच्या जीपनं ते पंपहाऊसला गेले. कंबरेला पट्टा, पिशवीत हत्यारं. जुनी किल्ली काढून नवी बसवली. ही फिरवली की पंधरा मिनिटांनी बोगदा आपोआप बंद होतो, दोरा बांधून उपयोग नाही. मेन स्विचला कुलूप बसवलं आणि नाथाजीकडून तीनदा वदवून घेतलं की खाली उतरायच्या आधी कुलूप लावायचं, चावी खिशात. आणि दुरून पंप चालू करायचं बटण त्यांनी पॅनेलमधूनच तोडून टाकलं. आता दुरून बघता येईल, सेटिंग बदलता येईल. चालू करायचा तो नाथाजीनंच, समोर उभं राहून. नाथाजी शेजारी बसून तारा धरत होता आणि बटण गेल्यावर तेवढा खूश झाला, म्हणाला की आता मला कामावरनं कोण काढत न्हाई.

दुपारी सभा भरली. मुळात आपणच चुकलो हे भाईंनी उभं राहून सांगितलं. किल्ली निवडली, पण ती बंद का करायची हे नाथाजीला नीट सांगितलं नाही. पाळी चुकलेले लोक कुरकुरले, पण खांद्यापर्यंत हात जाळीत होता हे ऐकून त्यांनी माना खाली घातल्या. लालासाहेबांनी नवे नियम लिहायला कागद ओढला. फोनवर जे बोलले होते त्याची त्यांना लाज वाटत असावी, कारण ते फार मऊ आवाजात बोलले.

"शिकलगार, ह्ये सगळं तपासायला तुमाला किती दिवसांनी यावं लागंल? एसटीचं, जेवणाचं संस्था बघंल. महिन्याला लिहू का पंधरा दिवसाला? तुमी म्हनाल ते."

नाथाजी दाराशी उभा होता. त्यानं भाईंकडं बघून दोन्ही हातांचे पंजे उघडले आणि वर आणखी पाच बोटं दाखवली. पंधरा.

कागद कोरा होता. पंधरा म्हटलं असतं तरी कुणी हूं की चूं केलं नसतं. कुलूप बघायला, किल्लीची वेळ मोजायला, नोंदवही वाचायला, कारणं शंभर निघाली असती. भाईंनी मनात सगळ्या कामांची यादी केली आणि प्रत्येकापुढं खरं काय ते लिहिलं. नोंदवही घरून दिसते. किल्लीची वेळ घरून मोजता येते. कुलूप नाथाजी रोज हाताळणार. राहिलं ते तारा आवळायचं आणि धूळ काढायचं.

"सहा महिन्यातनं एकदा," ते म्हणाले. "त्येच्या आत गरज न्हाई."

लालासाहेबांनी सहा लिहिलं. दाराशी कुणी नव्हतं.

वडाप यायला अर्धा तास होता. नाथाजी कठड्याला टेकून नदीकडं बघत होता. भाई शेजारी जाऊन बसले, सावकाश, पट्टा धरून. त्यानं मान न वळवताच विचारलं.

"खोटं बोलता येत न्हाई व्हय तुमाला?"

"येतं की. अर्फाशी दर शुक्रवारी बोलतो."

"मग आज काय झालं?"

भाईंनी पिशवीतली हत्यारं मोजल्यासारखं केलं. आत पंप चालू होता, सरळ, कुठं अडखळत नव्हता.

"त्या कागदावर एकदा खोटं गेलं ना, नाथा, तर खालची कुलपाची ओळ कोण खरी मानंल? तू विहिरीत उतरायचास त्या ओळीच्या भरवशावर."

वळणावर वडापचा हॉर्न वाजला. नाथाजी उठला, भाईंची पिशवी उचलून रस्त्यापर्यंत घेऊन गेला, ड्रायव्हरला पुढची सीट द्यायला लावली आणि दार लागल्यावर काच वाजवून विचारलं की मग दिवाळीच्या सुमाराला ना? भाईंनी बोटांवर महिने मोजले आणि मान हलवली.