माझ्यासाठी खणलेला खड्डा

"सेप्सिस आहे," डॉक्टर म्हणाले. "जखमेतला संसर्ग अंगभर भिनलाय. शरीर त्याच्याशी लढता लढता स्वतःचंच नुकसान करतंय."

अंबाजोगाईच्या दवाखान्यात मी खाटेवर होते. ताप, धाप, हात कोपरापर्यंत सुजलेला. कारण काय, तर घाटनांदूरच्या आमच्या किराणा दुकानात तेलाचा डबा उघडताना पत्र्याने तळहात कापला. मी वर हळद दाबली आणि चार दिवस गिऱ्हाइकं करत बसले. तुम्ही हा शहाणपणा करू नका.

दुसऱ्या दिवशी माझं रक्त तपासायला लातूरला गेलं. तपासणीचं नाव ट्रोपोनिन. हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. स्नायूला इजा झाली की रक्तात उतरतं. माझं बरंच वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला आणि धाकट्या दिराला, मन्मथला, बाहेर बोलावून सांगितलं, "सेप्सिसमध्ये हे वाढलं की धोका वाढतो. दोन दिवस अवघड आहेत."

मन्मथने निम्मंच ऐकलं आणि एसटीडी बूथवरून गावी भावकीला फोन लावला. "वैनीचं हार्ट बी गेलं. आता काय खरं न्हाई. खड्डा घ्यायला लागा, एप्रिलची जमीन लई टणक हाय." आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेल्या माणसाला बसवून पुरतात, खड्डा खोल लागतो. भावकीने तो आमच्या शेतात संध्याकाळपर्यंत खणूनही टाकला.

खड्डा खणल्याच्या दुसऱ्या दिवशी मन्मथ खाटेशी आला आणि सगळं सांगून रडला. "चुकलं माजं, वैनी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आरं, मी जित्ती हाय की! मला इचारलं का कुणी?" ओरडणं ऐकून सिस्टर धावत आली.

डॉक्टरांना मी तोंडावर विचारलं, "त्या आकड्यात माझं मरण लिवलंय का?"

"आकडा धोका सांगतो, बाई. निकाल नाही. तुमच्यावर जास्त लक्ष ठेवायचं, एवढं मला त्यावरून कळलं."

त्यांनी ते ठेवलं. हातातला पू काढला, अँटिबायोटिक बदललं, पुन्हा पुन्हा रक्त तपासलं. मी गळ्यातलं लिंग मुठीत धरून दर वेळी विचारायची, "आकडा उतरला का?" पाचव्या दिवशी उतरला. मी औषधांनी वाचले, त्या डॉक्टरांचे उपकार फिटणार नाहीत. पण मरायचं नाही हे मीही ठरवलं होतं.

घरी आल्यावर सगळे म्हणाले, खड्डा बुजवा, अपशकुन आहे. मी मन्मथच्या हातात कागदी लिंबाचं रोप दिलं. "तूच खणाया लावलंस, आता ह्ये त्यात तूच लाव."

झाड आता लगडतं. ज्यांनी ज्यांनी तो खड्डा खणला, त्यांच्या घरी दर उन्हाळ्यात मी स्वतः चालत जाऊन लिंबं देऊन येते.