बाबांच्या मधपेटीला लागलेला रोग

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळीच बाबांचा फोन आला. "माशांचं काय तरी बिघडलंय. जमलं तर येऊन जा गो." एवढंच बोलून त्यांनी ठेवला.

मी शहापूरला ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते. माहेर मुरबाडच्या पुढे, डोंगराकडच्या गावात. किन्हवलीमार्गे जाणारी एसटी मिळाली आणि जेवणाच्या आत घरी पोचले.

आधी बाबांबद्दल सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि आईची एक किडनी त्यांना बसवली. ऑपरेशन चांगलं झालं... पण शरीर परक्या किडनीला आपलं मानत नाही, तिच्यावर हल्ला करतं. म्हणून प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवणाऱ्या गोळ्या रोज घ्यायच्या, जन्मभर. मग साधा तापसुद्धा महागात पडू शकतो.

चिखलात उतरायचं नाही, लग्नाकार्याला जायचं नाही, बाजारात फिरायचं नाही. आयुष्यभर भात लावलेला माणूस मास्क लावून ओटीवर बसून राहिला.

विरंगुळा म्हणून मी सातेरी जातीच्या मधमाशांची एक पेटी आणून दिली होती. ती परसात आंब्याखाली ठेवलेली. उघडायचं काम आईचं, बाबा लांबून बघायचे. मागच्या शेतात वाल फुलला की माशांची ये-जा बघण्यात त्यांचा दिवस जायचा.

तोंडावर जाळी घेऊन मी पेटी उघडली. कितीतरी अळ्या आपापल्या घरात मरून पडल्या होत्या. चिमट्याने एक उचलली, तर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी वर आली... सॅकब्रूड. सातेरी माशांच्या अळ्यांना होणारा विषाणूचा रोग. यावर औषध नाही.

"मंग आता? सगल्या मरणार?" बाबांनी लांबूनच विचारलं.

मी वर्गात सांगते तसं सांगायला लागले. माशांकडे आपल्यासारख्या अँटीबॉडीज नसतात. त्यांच्या बिनरंगी रक्तातल्या पेशी जंतूला घेरतात, त्याच्याभोवती काळं कवच करून त्याला कोंडतात. जंतू मारणारी द्रव्यंही शरीर तयार करतं.

आणि तेवढ्याने भागलं नाही, तर सगळं पोळं मिळून रोगाशी लढतं. कामकरी माशा एकेक घर हुंगत फिरतात. आजारी अळी सापडली की तिला ओढून काढतात आणि बाहेर नेऊन टाकतात, रोग पसरायच्या आत.

पेटीच्या दाराशी तेच चाललं होतं. एक माशी मेलेली अळी ओढत बाहेर आणत होती. बाबा जरा पुढे आले आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"बरोबर करतात," ते म्हणाले. "आजारी हाय त्याला बाहेर काढायचं, मंग बाकीचं घर वाचतं. आपल्याकडं उलटं. तुझ्या आईला कापली माझ्यासाठी. आता शेत तिच्यावर, घर तिच्यावर, मीपन तिच्यावरच."

मग म्हणाले, "उद्या मी कल्याणला किडनी तपासायला जात नाय. गोळ्यापन बंद करतो. सकाळची घेतली नाय."

गोळ्या बंद केल्या तर किडनी जाईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी घाईघाईने म्हटलं, बाबा, तसं नसतं... ज्या माशा आजारी अळ्या काढतात ना, रोग त्यांच्याही अंगात शिरतो, त्यांचं आयुष्य कमी होतं. तरी त्या करतातच की.

आणि बोलता बोलताच कळलं, मी काय बोलून बसले... आपल्यापायी आईचं आयुष्य झिजतंय असं त्यांना वाटत होतं, तेच मी पुस्तकातून पक्कं करून दिलं होतं.

आई मागच्या दारात तांदूळ पाखडत होती. तिने सगळं ऐकलं होतं. सूप खाली ठेवून ती आली आणि बाबांच्या समोर उभी राहिली.

"त्या माशा हायत," ती म्हणाली. "आमी माशा नाय."

बाबा परत पेटीच्या दाराकडे बघायला लागले.

"तुमच्या अंगात हाय ती माझी किडनी हाय. गोळ्या बंद केल्या तर ती मरंल. मला इचारलंत?"

तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. बाबा पायरीवर बसले. मास्क खाली करून टॉवेलने तोंड पुसलं आणि मास्क परत वर घेतला. मग म्हणाले, "पानी दे."

तिने पाणी आणलं आणि सकाळची राहिलेली गोळीही. त्यांनी ती घेतली.

दुपारी मी आणि आईने रोगट पोळी काढून जाळली. राणीमाशीला छोट्या पिंजऱ्यात ठेवलं... काही दिवस नवी अंडी नाहीत, म्हणजे विषाणूला नवी अळी मिळत नाही. पेटी टिकेल याची खात्री मात्र नव्हती.

दुसऱ्या दिवशी आई-बाबा गाडी करून कल्याणला गेले. रिपोर्ट ठीक आले. पेटीला सावरायला बराच वेळ लागला, पण शिमग्याच्या सुमारास आईने पेटीतली पोळ्याची चौकट वर उचलून बाबांना लांबून दाखवली. घराघरात पांढऱ्या, टवटवीत अळ्या होत्या.

प्रतिकारशक्ती हा शब्द मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले. आमच्या घरात एक माणूस ती दाबून ठेवूनच जगतोय, कारण त्याच्यासाठी दुसरं माणूस रोज उभं आहे. हे कुठल्या धड्यात घालायचं, मला अजून कळलेलं नाही.

आई फेसबुकवर नाही, ती हे वाचणार नाही. तोंडावर आभार मानले तर म्हणेल, "येडी झालीस काय गो?" म्हणून इथे लिहिलं...