डोळे मिटून उभं राहताना

विनायक गेल्याचा कुमुदवहिनींचा फोन आला, तेव्हा मी गंगापूर रोडवर भाजी घेत होतो. "भाऊजी, गेले हे," एवढंच म्हणाल्या. मेथीची जुडी माझ्या हातात तशीच... आणि भाजीवाली विचारतेय, घ्यायची की ठेवायची. त्याला दीड महिना झाला. असलं लिहिणं हा माझा प्रांत नव्हे, पण विनायक पडला तो माझ्या शेजारीच, म्हणून लिहितो आहे.

ओझरच्या विमान कारखान्यात आम्ही तीस वर्षं बरोबर काढली. तो तपासणी विभागात होता. पत्रा केसभर वाकडा असला तरी मोजपट्टी हातात घेण्याआधीच म्हणायचा, परत पाठव. सत्तरी ओलांडली आणि हाच माणूस तोंडाला साबण लावताना बेसिनपाशी दोनदा कोलमडला. फिजिओथेरपीला मीच घेऊन जायचो. तिथे त्याला एका फळीवर उभं करायचे. समोरच्या पडद्यावर हिरवा ठिपका. तोल ढळला की ठिपका सरकायचा. ठिपक्याकडे बघत असला की स्वारी खांबासारखी उभी. पडदा बंद करून डोळे मिटायला सांगितले की झुललीच! तिथल्या डॉक्टर मुलीने समजावलं, वय झालं की पाय आणि कान मेंदूला तोलाची धड खबर देत नाहीत, मग मेंदू सगळी भिस्त डोळ्यांवर ठेवतो, आणि नुसतं उभं राहायलाही त्याला राबावं लागतं. "म्हणजे उभं राहायलासुद्धा ओव्हरटाइम," विनायक म्हणाला. हात मात्र कुणाला धरू द्यायचा नाही. वहिनी त्याला देवापुढेही बसूनच नमस्कार करायला लावायच्या, आणि आम्ही बाहेर निघालो की मला दरवेळी बजावायच्या, लक्ष ठेवा.

ठेवत होतो हो मी. ज्येष्ठ नागरिक संघात आमच्या एका जुन्या सोबत्याची शोकसभा होती. भाषणं झाली, दोन मिनिटं स्तब्धतेसाठी सगळे उठले. विनायकला 'तू बस' म्हणायला माझी जीभ रेटेना. अख्खं सभागृह उभं असताना तो थोडाच बसणार? उभा राहिला, हात जोडले, डोळे मिटले. आणि मीही मिटले... सवयच ती. खुर्ची आपटल्याचा आवाज झाला, तेव्हा उघडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, मग छातीत कफ भरला आणि तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. डॉक्टर म्हणाले, या वयात असं होतं. होत असेल.

तेराव्यानंतर मी वहिनींना सांगून टाकलं, की मी डोळे मिटले होते. त्या म्हणाल्या, "श्रद्धांजलीला कुणी उघडे ठेवतं का, भाऊजी?" आणि चहा टाकायला आत गेल्या. मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

गेल्या रविवारी संघात त्याचीच सभा झाली. पुन्हा तेच, दोन मिनिटं उभं राहायचं. या खेपेला मी डोळे उघडे ठेवले. कुणी काय म्हणायचं ते म्हणो. चाळीस-पन्नास पांढरी डोकी, जोडलेले हात, मिटलेले डोळे... आणि सगळेच जरा जरा झुलत होते. पुढच्या रांगेत वहिनीसुद्धा. मी सरकत सरकत त्यांच्या मागे गेलो आणि हात पुढे करून उभा राहिलो. बाकीच्यांचं काय करावं, ते मला कळेना.