नेस्टाचा नकार

नेस्टा प्रोबर्ट त्या बसवाल्याचं नाव कधी तोंडातून काढत नसे. खाणीचा संप चालू असताना याच माणसानं खिडक्यांना जाळ्या ठोकलेल्या बसगाड्या भरभरून संपफोडे आत नेले होते. तिचा नवरा एम्लिन तेव्हा फाटकाशी उभा राहून घसा बसेस्तोवर ओरडायचा. पुढे खाणही गेली आणि एम्लिनच्या छातीत कोळशाची धूळ तेवढी उरली. आमच्या वेल्सच्या खोऱ्यात ह्या गोष्टी पंचवीस वर्षांनीही कोणी विसरत नाही.

घर चालायचं ते नेस्टाच्या शाळेतल्या स्वयंपाकाच्या नोकरीवर. शाळेच्या जेवणाचा ठेका दुसऱ्या कंपनीकडे जाणार असं कळलं, तेव्हा युनियनच्या रियाननने बायकांना समजावलं, "घाबरू नका गं. ठेकेदार बदलला तरी तुमची नोकरी तुमच्याबरोबर जाते. तोच पगार, त्याच रजा, जुनी वर्षंही धरतात."

आणि मग कळलं, नवी कंपनी त्या बसवाल्याची. मेला आता पोरांना जेवू घालणार होता!

त्याच्या कंपनीचा साहेब शाळेत भेटायला आला, तेव्हा नेस्टा उभी राहिली. "मी तुमच्याकडे येणार नाही."

रियाननने तिची बाही ओढली. "खाली बस. नकार दिलास तर कायद्यानं तुझी नोकरी तिथेच संपते. कोणी काढलं असंही धरत नाहीत. भरपाईसुद्धा नाही."

"नको मला."

तिला वाटलं होतं, मागोमाग बाकीच्याही उठतील. सगळ्या खाणकामगारांच्याच लेकी-सुना. एकही उठली नाही. संपाच्या वर्षी तिच्याबरोबर सगळ्या गल्लीसाठी बटाटे सोलणारी मेर मान खाली घालून बसली होती.

"मेर, तूसुद्धा?"

"माझ्या घरात तीन तोंडं आहेत गं."

वेडी बाई! पण त्या खोलीत ताठ मान तिची एकटीचीच होती, हेही खरंच. एम्लिन ऐकून म्हणाला, "शाब्बास. माझी बायको शोभतेस." त्या रात्री तो कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

हिवाळ्यात शेगडी पेटवणं परवडेना. एम्लिनला धाप लागायची, आणि तिच्या वयाच्या बाईला काम कोण देतो? शेवटी एका दुपारी ती मेरच्या दारात गेली.

"तुमच्याकडे एक जागा निघाली म्हणे."

मेर म्हणाली, "निघाली आहे. पण नवीन बाई म्हणून घेतील. पगार कमी, आणि तुझी जुनी वर्षं गेली ती गेलीच."

"चालेल."

"चालेल काय चालेल!" मेर कळवळली. "आमच्यातली एक तरी ताठ राहिली, एवढ्या आधारावर मी रोज त्याचा एप्रन बांधते. तू नको ना येऊस."

नेस्टाने तिच्याकडे पाहिलं नाही.

"उद्या किती वाजता येऊ ते सांग," ती म्हणाली. "आणि एम्लिनच्या कानावर जाऊ देऊ नकोस."