आत्याबाईंचं औषध

"मॅडम, हिला परसाकडंच होईना."

सुगंधाने टोमॅटोचं कॅरेट माझ्या टेबलावर ठेवलं. आत जुन्या लुगड्याच्या घडीवर मांजराचं पिल्लू. पोट टम्म, पाय काड्या. बाकावर गावडेभाऊ आपल्या कालवडीच्या औषधासाठी बसले होते. त्यांनी मान वर करून कॅरेटात पाहिलं आणि फिस्सकन हसले.

"आता मांजराला बी डॉक्टर लागाया लागला व्हय? लई झालं राव!"

"तुमच्या कालवडीला गोचीड होईपर्यंत तुम्ही घरात बसून होतात. ही बाई वेळेवर आली आहे. गप बसा," मी म्हटलं.

मी गाई-म्हशींची डॉक्टर. आळेफाट्याजवळ माझा दवाखाना आहे. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक फ्रीज आणि बाहेर उभी जीप. निम्मा दिवस गोठ्यात जातो. आमच्याकडे मांजर दवाखान्यात आणायची पद्धत नाही. मांजर राहिलं तर राहिलं, गेलं तर गेलं. पिंपळवंडीच्या मळ्यातली सुगंधा याला अपवाद निघाली.

तिची माझी ओळख या पिल्लामुळेच झाली. गणपतीच्या सुमारास ती कळंबला माहेरी गेली होती. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, कारण घरी सासू अंथरुणाला खिळलेली. येताना स्टँडवर एका मोटरसायकलने हे पिल्लू उडवलं. लोकांनी पायाने बाजूला सारलं. हिने पदरात घेतलं आणि एसटीत बसली. मागचे दोन्ही पाय फरफटत होते. मी तेव्हा नारायणगावच्या एका ओळखीच्या एक्स-रेवाल्याला विनवलं. त्याने दुपारी पेशंट नसताना फोटो काढून दिला. कमरेचं हाड मोडलं होतं. मांजराच्या कमरेला प्लास्टर घालता येत नाही. हलू द्यायचं नाही, एवढाच उपाय. म्हणून हे कॅरेट. सुगंधाने त्यात पिल्लू ठेवलं, वरून दुसरं कॅरेट पालथं घातलं, आणि पिल्लाचं नाव ठेवलं चिंगी.

हाड जुळलं. चिंगी उभी राहिली, तिरकी तिरकी चालायलाही लागली. आम्ही दोघी खूश. पण हाड जुळलं ते आत दबून. कमरेच्या हाडाची एक कडी असते आणि तिच्यातून मोठं आतडं बाहेर येतं. ती कडीच अरुंद झाली. शी मागे साठते, वाळते, दगड होते. आतडं फुगत जातं आणि शेवटी ढकलायची ताकदच हरवून बसतं. मग खाणं बंद, उलट्या, आणि पुढे जे व्हायचं ते.

त्या दिवशी मी मऊ नळीने कोमट पाणी आणि थोडं पॅराफिनचं तेल सोडलं, पोट बाहेरून हळूहळू दाबलं. बराच वेळ गेला. गावडेभाऊ नाकाला टॉवेल लावून बाहेर जाऊन बसले. सुगंधा मात्र जागची हलली नाही. चिंगीचं डोकं तिने असं धरलं होतं की पिल्लाला कळलंच नाही आपल्याला धरलंय. काम झाल्यावर मी काही सांगायच्या आत तिने कापूस ओला करून चिंगीला पुसलं आणि बोटाने खोबरेल लावलं.

"हात चांगला आहे तुझा," मी म्हटलं.

"रोजचंच हाय की. आत्याबाईंचं सगळं मीच करते."

आत्याबाई म्हणजे तिची सासू. डावी बाजू अर्धांगवायूने गेलेली.

मी पोट साफ ठेवायचं सरबत लिहून दिलं. तिने चिठ्ठी वाचली आणि तिचा चेहराच खुलला.

"अगं बया! ह्ये तर आत्याबाईंना देते मी! म्हंजे दोघींचं औषध एकच?"

"एकच. हिला थेंब मोजून द्यायचं, एवढाच फरक."

"बरं झालं. नवीन काय शिकायला नगं."

खरं औषध म्हणजे ऑपरेशन. ते माझं काम नव्हे. पुण्याला न्यायला हवं होतं आणि तिथे चार दिवस तरी काढायला हवे होते. तिचा नवरा बबन मोटरसायकलला टेकून उभा होता. त्याला आत बोलावून सांगितलं. त्याने डोकं खाजवलं.

"मॅडम, मांजरासाठी पुणं? आईचं कोण बघल?"

"तुम्ही बघा."

"मी?" माणूस खरोखर दचकला. "मला काय येतंय त्यातलं?"

सुगंधा कॅरेट उचलत शांतपणे म्हणाली, "भाऊबीजेला वन्सं येतील. त्या ऱ्हातील चार दिवस आपल्या आईपाशी. तवा जाऊ. तवर मी हिला मरू देत न्हाई."

बबन कॅरेट बांधायला गेला तेव्हा ती मागे रेंगाळली. मला म्हणाली, "मॅडम, घरात मी धुते, पुसते, भरवते ते समदं कुणाचं ना कुणाचं. ही तेवढी माझी हाय." आणि गेली.

मग आमचं ठरून गेलं. आठवड्याकाठी कधी एकदा, कधी दोनदा ती कॅरेट घेऊन यायची. मी नळी घालायची, ती धरायची. भोपळा शिजवून द्यायचा, पाणी जास्त पाजायचं, मातीचं घमेलं जवळ ठेवायचं, सगळं तिने केलं. बबन कुरकुरायचा, पण आणायचा. एकदा म्हणाला, "मॅडम, रात्री ती माझ्या पायावर झोपती. लाथ मारावी म्हणतो, पण कमार मोडल्याली हाय ना." म्हणजे त्यालाही लळा लागला होता. कबूल करायची मात्र त्याची तयारी नव्हती.

दिवाळी तोंडावर आली. पुण्याच्या डॉक्टरांशी मी बोलले, तारीखही घेतली.

आणि एके दिवशी पहाटे मढ गावाहून कॉल आला. डोंगराकडच्या एका वाडीवर म्हैस अडली होती. रेडकू आडवं आलेलं. अशा वेळी हात खांद्यापर्यंत आत घालून वासरू फिरवावं लागतं आणि म्हैस तुमच्या सोयीने कळा देत नाही. त्या वाडीवर रेंज नाही. सकाळ तिथेच गेली. रेडकू मेलेलंच निघालं, म्हैस वाचली. घरच्या म्हातारीने तांदळाची भाकरी पुढे केली. खाऊन निघाले.

ओतूरच्या अलीकडे फोन जिवंत झाला. सुगंधाचे मिस्ड कॉल एकावर एक. मी लावला, तो बबनने उचलला.

"मॅडम, पिल्लू ताठ झालंय. झटकं देतंय. लवकर या."

"काय दिलंत तिला?"

"काय न्हाई... पोट फुगलं व्हतं, उलट्या करत व्हती... तुमचं औषध दिलं."

माझ्या औषधाने झटके येत नाहीत. मी जीप दामटली.

मळ्यातल्या घरी पोचले तेव्हा चिंगी पडवीत आडवी होती. चारही पाय ताणलेले, मान मागे, अंगभर थरथर. सुगंधा तिच्याजवळ बसलेली. आत खाटेवरून आत्याबाईंचा बोबडा आवाज येत होता, "काय झालं गं? काय झालं?" आणि मोरीच्या कट्ट्यावर एक छोटी प्लास्टिकची बाटली धुऊन पालथी घातलेली मला दिसली. लांब नळीच्या तोंडाची. मेडिकलमध्ये मिळते ती, माणसाच्या एनिम्याची.



"हा एनिमा दिला हिला? कुणी दिला?"

मग बबन पुढे झाला.

"मी दिला, मॅडम."

बोलायला वेळ नव्हता. त्या बाटलीत फॉस्फेटचं मीठ असतं. माणसाच्या मोठ्या देहाला ते सोसतं. मांजराच्या, त्यातून तुंबलेल्या आतड्यातून ते सरळ रक्तात उतरतं आणि रक्तातलं कॅल्शियम खाली पाडतं. व्यालेली गाय कॅल्शियम कमी पडून आडवी होते, हे इकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तेच त्या ओंजळभर पिल्लाला झालं होतं. गाईला आम्ही बाटलीच्या बाटली शिरेत लावतो. मी त्याच बाटलीतून सिरिंजमध्ये थोडं काढलं. पुढच्या पायाची शीर सुतासारखी, तीही बसलेली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा सापडली. थेंब थेंब सोडत होते, दुसऱ्या हातात स्टेथोस्कोप. जास्त वेगाने गेलं तर हृदय थांबतं.

थरथर कमी झाली. पाय सैलावले. चिंगीने डोळे उघडले आणि सुगंधाच्या हाताला नाक लावलं.

"वाचली का मॅडम?" बबनने विचारलं.

आतून ते मीठ अजून रक्तात उतरतच होतं. मी कोमट पाण्याने आतडं धुवायला घेतलं, आणि तेव्हा मला दिसलं. शेपटीखालची जागा कापसाने स्वच्छ पुसलेली होती. वर खोबरेलाचं बोट. खाली लुगड्याचा मऊ तुकडा चौघडी करून घातलेला. बबन बाप्याने जन्मात कधी असं काही केलं नसेल. मी वर पाहिलं नाही. काम करत राहिले.

पुन्हा झटका आला. पुन्हा कॅल्शियम. त्यानंतरच्या झटक्याला ठोके आधी घाईने, मग अडखळत, मग ऐकूच येईनात. मी बोटांनी छाती दाबत राहिले. नंतर स्टेथोस्कोप काढून गळ्यात टाकला.

सुगंधा रडली नाही. तिने पिल्लू उचललं आणि मांडीवर घेऊन त्याचे पाय सरळ करत बसली. आतून आत्याबाई विचारत होत्या, "पाणी देती का गं?" ती उठली, पिल्लू घेऊनच आत गेली, एका हाताने पाणी पाजलं, परत येऊन बसली.

मी बबनकडे वळले. माझं तोंड गावात प्रसिद्ध आहे. त्या दिवशी मी त्यात काही राखलं नाही.

"अक्कल गहाण ठेवली होती का? गाईचं औषध तुम्ही पिता का? मग माणसाचं मांजराला कसं घालता? पाच-दहा दिवसांवर ऑपरेशन होतं. एवढं टिकवलं, आणि एका बाटलीने मारलं!"

तो खाली मान घालून उभा होता. "चुकलं, मॅडम. माझंच चुकलं."

"चुकलं म्हणून येतंय का परत?"

"न्हाई."

आणखी कितीतरी बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं, एकदाही बायकोकडे पाहिलं नाही.

जनावर बघून झालं की डॉक्टरच्या हातावर पाणी घालायची आमच्याकडे रीत आहे. जनावर वाचो की मरो. सुगंधा बादली आणि तांब्या घेऊन अंगणात आली. मी साबण लावला. ती ओतू लागली.

"मॅडम, आमच्या ह्यांना ती बाटली कुठं असती त्ये बी ठावं न्हाई."

"माहितीय मला."

तांब्या थांबला. "मंग एवढं का बोललात त्यांना?"

"ते बोलणी खायला उभे राहिले होते. तुला तर बोलता येत नव्हतं मला."

तिने पुन्हा पाणी ओतलं. माझे हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी मी पुढे धरून राहिले.

"तुमचा फोन लागंना. ती लई वरडत व्हती. मला वाटलं, सरबत एक हाय तर ह्ये बी एकच आसंल. आत्याबाईंना लगेच मोकळं वाटतं." मग तांब्या बादलीत बुडवत, "उद्या त्यांना द्यायचाय."

"त्यांना ते औषधच आहे, सुगंधा. त्यांना काही होणार नाही."

"त्ये मला कळतंय वो. ह्या हाताला कोण सांगंल?"

तेव्हा ती रडली. उभ्याने, तांब्या हातात धरून. आतून आत्याबाईंनी हाक मारली. तिने पदराने तोंड पुसलं, "आले, आले," म्हणाली आणि आत गेली. बबन विहिरीकडच्या लिंबाखाली टिकाव घेऊन खणत होता.

पुण्याच्या डॉक्टरांना तारीख नको म्हणून कळवलं. भाऊबीजेला नणंद आली, चार दिवस राहिली. सुगंधाला सगळे म्हणाले, आता कळंबला जाऊन ये, मोकळी आहेस. ती गेली नाही. सासूला औषध तीच देते. बबन आता ती बाटली काढून, टोपण उघडून तिच्या हातात देतो आणि ती परत येईपर्यंत दाराबाहेर थांबतो, असं त्याच चार दिवसांत त्याच्या गाईला बघायला गेले तेव्हा नणंदेकडून कळलं. याहून जास्त काही बदललं नाही. मांजर त्यांनी पुन्हा पाळलं नाही.

यातून घ्यायचं ते एवढंच. माणसाचा एनिमा मांजराला देऊ नये. दवाखान्याच्या भिंतीवर मी तसं मोठ्या अक्षरात लिहिलंय. गावडेभाऊ ते वाचून आधी हसले, मग मी काय झालं ते सांगितल्यावर त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

पण भिंत कोण वाचतं! त्यामुळे आता कुणी मांजर आणलं की मी पोटाला हात लावायच्या आधी विचारते, "घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे का? आणि त्यांचं कोण करतं?" लोक एकमेकांकडे बघतात. मांजराचा आणि त्याचा काय संबंध, म्हणतात. बाई नसत्या चौकशा करते, असंही माझ्या मागे बोलतात.

बोलू देत. मी उत्तर मिळेपर्यंत मांजराला हात लावत नाही.